राखणीचा कोंबडा

माझ्या बायकोच्या हातच्या कोंबडीवड्यांचा विषय निघाला की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठतो. ती पाहुण्यांना हमखास एक गोष्ट सांगते — आम्ही मालवणजवळ कट्टा गावात राहायचो तेव्हा काजू कारखान्याचे मालक अवचित जेवायला आले होते, आणि हात धुताना म्हणाले होते की असं जेवण पणजीतसुद्धा मिळत नाही. गोष्ट खरी आहे. फक्त तो कोंबडा कुठून आला होता, हे तिला ठाऊक नाही. तिला नाही, मुलांना नाही, कोणालाच नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण बसल्यापासून किती वेळा उठून पडवीत फेरी मारून आलो, ते विचारू नका.

ऐंशीनंतरची गोष्ट. आमचा जिल्हा नुकताच रत्नागिरीपासून वेगळा झाला होता, आणि मी त्या कारखान्यात सुपरवायझर होतो. कारखाना म्हणायचं आपलं — कट्ट्याच्या बाजारापासून जरा आत एक लांब पत्र्याची शेड, मागे बी भाजायची भट्टी, तिच्या बाजूला एक खोली. वीसेक बायका ओळीने बसून बी फोडायच्या. हाताला राख चोळायची, नाहीतर काजूच्या तेलाने कातडी सोलून निघते. पगारी पुरुष आम्ही दोघेच. वजनमाप आणि देखरेख माझ्याकडे, भट्टी आणि रखवाली तात्याकडे.

तात्या मसुऱ्याचा. माझ्याहून वीस-एक वर्षांनी मोठा. बायको गेलेली, मूलबाळ नाही. धाकट्या भावाशी घरावरून बिनसलं तेव्हा ट्रंक उचलून इथे आला आणि पुन्हा त्या दारात पाय ठेवणार नाही म्हणाला. भट्टीची नोकरी म्हणून ती खोली, आणि ती खोली म्हणून तात्याची मान ताठ. ही नोकरी गेली तर तात्याला भावाच्या दारात जाऊन उभं राहावं लागेल, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे मी तुम्हाला ते विसरायला लावीन.

आता राखण म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे प्रत्येक जागेला कोणीतरी राखणदार असतो — जागेवाला म्हणतात त्याला. दिसत नाही, पण असतो. वर्षातून एकदा त्याला कोंबडा आणि नारळ द्यायचा, त्याच्यासमोर उभं राहून गाऱ्हाणं घालायचं, आणि वर्षभर जागा सांभाळ म्हणून सांगायचं. शेतात देतात, बागेत देतात, आमच्या कारखान्यातही देत. शिमगा झाला, नवी बी यायची वेळ आली की बायका थोडे थोडे पैसे काढत, मी बाजारातून कोंबडा आणी, आणि आवारातल्या आंब्याखाली राखण होई. बायका तिथे येत नसत. गाऱ्हाणं तात्याने घालायचं आणि त्याच्या मागे उभं राहून प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' मी म्हणायचं. हे 'व्हय' म्हणणारा कोणी नसेल तर गाऱ्हाणं पुरं होत नाही.

त्या वर्षी शिमग्याआधीच कुजबुज सुरू झाली होती. माणसं कमी करणार. कोण बोललं? कोणी बोललं नव्हतं. बीची लॉरी उशिरा आली, मालक आले ते गाडीतून न उतरताच गेले, इतकंच. पण तेवढ्यावर शेडची हवा बदलली. एरवी त्या बायका इतक्या बोलायच्या की मला वजनाचा आकडा दोनदा विचारावा लागे. आता नुसतं बी फोडल्याचं टकटक. बायकांचे डोळे कोपऱ्यातल्या पोत्यांवर — किती उरली, किती दिवस पुरतील? मी मालकांशी बोलून आलो की सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत. आणि मी? मी उगाच चेहरा गंभीर करून वजनकाट्याशी जाई. मला काही ठाऊक नव्हतं हे त्यांना कळू नये म्हणून. भाव खायचा, दुसरं काय.

घरोघरी तेव्हा मुंबईच्या गिरण्यांतून परत आलेले पुरुष बसलेले होते. शेवंताबाईचा घो त्यातलाच. त्यामुळे काम जाणं म्हणजे काय हे त्या बायकांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. शेवंताबाई त्यांच्यात वयाने मोठी आणि जिभेने त्याहून मोठी. तिने एक दिवस सगळ्यांसमोर मला सुनावलं, "मालकाक सांग, दिवस कमी कर म्हणाचा, माणूस कमी करू नको. एकाक काढलान तर आमी सगळी भायर." सगळ्यांनी माना हलवल्या. तात्या भट्टीच्या दारात उभा होता, त्यानेही हलवली. मीही हलवली. त्या क्षणी मला खरंच तसं वाटत होतं — निदान मला तसं आठवतं.

राखणीच्या आदल्या दिवशी मी कोंबडा आणला. तांबडा, तुरेबाज. तात्याने संध्याकाळी त्याच्या डोक्यावर तांदूळ टाकले, 'हो तुझो' म्हणजे हा तुझा, असं जागेवाल्याला सांगितलं, आणि खोलीमागे टोपलीखाली ठेवून वर दगड ठेवला. एकदा असं बोलून ठेवला की तो कोंबडा जागेवाल्याचा. त्याच्या जागी दुसरा चालत नाही.

दगड ठेवला. मी पाहिलं होतं.

तात्या मग देवळात भजनाला गेला. मी घरी आलो, तर दारात मालकांची गाडी. बरोबर गोव्याचे एक व्यापारी. मालक हसत म्हणाले, "सुधाकर, आज तुमच्याकडेच जेवू म्हटलं." घरात काय होतं? सुकी मासळी आणि कुळथाची पिठी. बाजार आवरलेला. बायको मला आत बोलावून म्हणाली, "आता काय करायचां?" आणि मी म्हणालो, "तू वड्यांचां पीठ मळ, कोंबो मी आणतंय."

वाटेत काय विचार केला ते खोटं न बोलता सांगतो. माणसं कमी होणार असतील तर मालकांच्या मनात माझं नाव चांगल्या बाजूला असावं. एवढंच. एका जेवणाने नोकरी टिकत नाही हे कळत होतं, पण त्या दिवसांत आम्ही सगळेच अशा हिशेबांवर जगत होतो — मालक आज हसले, मालकांनी नाव घेऊन हाक मारली. मी टोपलीवरचा दगड काढून बाजूला ठेवला. कोंबडा पिशवीत घातला. उद्या पहाटे बाजारातून दुसरा आणून तिथे ठेवू, तात्याला तांबड्या-तांबड्यातला फरक काय कळतोय, असं मनाशी ठरवलं. जागेवाल्याला कळेल हे मनात आलं का? आलं. पण जागेवाला मला कामावरून काढणार नव्हता.

जेवण झकास झालं. मालक पाहुण्याला म्हणाले, "आमचे सुधाकर आहेत म्हणून चाललंय." मी दोनदा रस्सा घेतला.

मालकांनी मुक्काम केला आणि सकाळी हिशेब दाखवायला बसवलं. बाजार गाठायला मी सुटलो तोवर तात्या शोधत आला होता. तोंड पांढरंफटक. "सुधाकरा, कोंबो नाय रे. टोपली आडवी पडली आसा." मग तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "मी दगड ठेवलंय काय नाय, माका आठवणा नाय."

बघा — त्याने मला सुटायची वाट आपल्या हाताने उघडून दिली. मी नुसता गप्प राहिलो असतो तरी निभावलं असतं. पण मी म्हणालो, "तात्यानू, तुमी दगड ठेवलास नाय. मी सांजचो थंयसून गेलंय, तेवा दगड बाजूकच होतो. कोल्ह्यान न्हेल्यान असतलो."

किती सहज निघालं ते तोंडातून! दगड खरोखरच बाजूला पडलेला होता, मीच ठेवलेला. तात्या तसाच खाली बसला. त्या दिवशी आम्ही जागेवाल्याला फक्त नारळ दिला. पुढल्या वर्षी दोन कोंबडे देतो असं तात्या हात जोडून बोलला आणि मी मागून 'व्हय म्हाराजा' म्हणालो. बायकांना सांगू नको, घाबरतील, असं त्यानेच मला विनवलं. मी मोठ्या मनाने कबूल केलं.

यापुढचं सांगताना जीभ अडखळते. इथवरचं एक वेळ भित्रेपणात खपलं असतं. पुढचं नाही.

वैशाखात मालकांनी मला बाजूला घेतलं. बी मिळत नाही, भाव परवडत नाही, दोन पगारी माणसं झेपत नाहीत. भट्टी तुम्ही सांभाळाल का? — असा प्रश्न. म्हणजे तात्या जाणार किंवा मी जाणार, हे न बोलता सांगितलं. मी म्हणालो, शिकून घेईन. मग ते म्हणाले, "पण बायका? त्या बंद पाडतील ना सगळं?" मी म्हणालो, बघतो.

बघतो म्हणजे काय करणार होतो? देवाशप्पथ, तेव्हा काही ठरवलं नव्हतं. पण घरी जाता जाता मला त्या दगडाची आठवण झाली.

त्या दिवसांत शेडमध्ये काही ना काही घडत होतं. एकीचा हात तेलाने भाजला. भट्टीच्या भिंतीला तडा गेला. पोत्यांमागे नागीण निघाली. एरवी असल्या गोष्टी होतातच, कोणी लक्ष देत नाही. पण माणूस धास्तावला की सगळ्याला अर्थ येतो. बायका म्हणू लागल्या, राखण पावली नाही. आणि तात्या आतून पोखरला जात होता. जेवण सुटलं. भट्टीसमोर बसून एकटाच पुटपुटायचा. एका दुपारी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "माका झोप लागणा नाय. ह्यां सगळां माझ्यामुळे होता."

आणि मी त्याला काय म्हणालो? मी म्हणालो — सांगून टाका तात्यानू. बायकांना सगळं सांगून टाका. कबूल केलं की मन हलकं होतं.

हे मी म्हणालो. त्याच्या खांद्यावर हात ठेवून.

दुसऱ्या दिवशी काम सुरू व्हायच्या आधी तात्या शेडच्या मधोमध उभा राहिला. डोक्याचा टॉवेल काढून हातात घेतला. "बायांनू, माझ्या हातसून चूक झाली. राखणीचो कोंबो कोल्ह्यान न्हेल्यान. टोपलेर दगड ठेवूक मी इसारलंय. जागेवाल्याक ह्या वर्सा राखण पोचली नाय." मग शेवंताबाई उठली. तात्याच्या भट्टीवर दुपारी पेज ऊन करून घेणारी, त्याला लोणचं आणून देणारी शेवंताबाई. ती म्हणाली, "आमची पेज कोल्ह्याक घातलंस मरे तात्या!" आणि रडायला लागली. मग सगळ्याच बोलू लागल्या. काय काय बोलल्या ते मी सांगत नाही. मी वजनकाट्याची साखळी सारखी करत होतो. ती सारखीच होती.

एक गोष्ट मला तेव्हा दिसली आणि अजून दिसते. त्या दिवसापासून शेडमध्ये पुन्हा गप्पा सुरू झाल्या. खरंच. इतके महिने त्या बायका कशाला भिताहेत हेच त्यांना कळत नव्हतं. मालकाच्या मनातलं कळत नव्हतं, बाजारभाव कळत नव्हता. आता भीतीला नाव मिळालं, घर मिळालं, टॉवेल हातात घेतलेला एक माणूस मिळाला. त्यांना हायसं वाटलं. आणि खरं सांगू? मलाही वाटलं.

महिनाअखेर मालकांनी तात्याला बोलावून जायला सांगितलं. तो शेडमधून आपल्या खोलीकडे गेला तेव्हा कोणी हातातलं काम थांबवलं नाही. एकाला काढलं तर सगळ्या बाहेर, असं म्हणणाऱ्या वीस बायका — टकटक, टकटक. त्यांचा राग मला कधी आला नाही. कुठल्या तोंडाने येणार?

तात्याची ट्रंक कट्ट्याच्या स्टँडपर्यंत मी उचलून नेली. तो नको नको म्हणत होता. मसुऱ्याची गाडी लागेपर्यंत मी थांबलो, त्याला चहा पाजला. भावाकडे काय सांगायचं ते तो मनातल्या मनात जुळवत होता, ओठ हलत होते. गाडीत बसल्यावर खिडकीतून म्हणाला, "भट्टीची भिंत बगून घे. आणि सुधाकरा, माझ्यामुळे तुका बोलणी खावची लागली असतीत, मनात धरू नको." मी हात हलवला. परत येताना पान खाल्लं.

पुढे ऐकलं की भावाने घेतलं, पण आत नाही. पडवीच्या कोपऱ्यात जागा दिली. घरातल्यांची जेवणं झाली की मागाहून ताट. आंगणेवाडीच्या जत्रेला दरवर्षी मसुऱ्यात जाणारा मी, त्यानंतर जत्रेत देवीच्या रांगेतून खाली मान घालून निघायचो. तात्या गर्दीत दिसेल म्हणून.

कारखाना काही वाचला नाही. पुढच्या पावसाआधीच मालकांनी टाळं लावलं. शेवंताबाई आणि सगळ्याच घरी बसल्या. मला मालवणात एका वखारीत लिहिण्याचं काम मिळालं. मालकांनी चिठ्ठी दिली होती. ते जेवण ते विसरले नव्हते.

मग काही वर्षांनी, शिमगा होऊन गेल्यावर, एका सकाळी तात्या माझ्या मालवणच्या घरी आला. खूप वाळला होता. काखेत पिशवी, पिशवीतून कोंबड्याचं डोकं बाहेर. बायकोने आग्रहाने चहा दिला. ती त्याला म्हणाली, "तात्यानू, आता तुमका कोंबडीवडे खावक घालूकच व्हये." तो हसला आणि मला म्हणाला, "येतंस? दर वर्सा एकटोच जातंय कारखान्यार. पण व्हय म्हणूक कोण नसता रे. गाऱ्हाणां अर्धवट ऱ्हवता."

दर वर्षी. बंद पडलेल्या कारखान्यात. भावाच्या घरी मागाहून जेवणारा माणूस कोंबड्याचे पैसे कुठून आणत होता, ते मी विचारलं नाही.

आम्ही एसटीने कट्ट्याला गेलो. पत्रे उडालेले, भट्टीत रान माजलेलं. त्याच्या खोलीचं दार कोणीतरी काढून नेलं होतं. आंब्याखालची जागा मात्र साफ, झाडून ठेवल्यासारखी. वाटेत दहादा ठरवलं होतं की आज सांगायचं. आंब्याखाली पोचेपर्यंत सांगायचं. तो नारळ ठेवेपर्यंत. तो टॉवेल काढून हात जोडेपर्यंत.

त्याने गाऱ्हाणं सुरू केलं. आवाज पूर्वीसारखाच खणखणीत.

"बा जागेवाल्या म्हाराजा! आज तुझी राखण तुका पोचवूक तुझी लेकरां इली आसत."

"व्हय म्हाराजा."

"त्या साली माझ्या हातसून चूक झाली. दगड ठेवूक मी इसारलंय. त्येची शिक्षा गरीब बायांक झाली. ती चूक पदरात घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि हो सुधाकर. ह्येची कायएक चूक नसताना ह्येचीव नोकरी गेली. ह्येका, ह्येच्या पोरांबाळांक सुखात ठेव म्हाराजा."

मी काही बोललो नाही. तात्या हात जोडूनच थांबला होता. उत्तर आल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मायेने, जरासा वैतागून, आणि म्हणाला, "मोठ्यान म्हण रे. तेका आयकाक जावक व्हया."

मी मोठ्याने म्हणालो, "व्हय म्हाराजा."

तात्या त्याच पावसाळ्यात गेला.